परदेशी मंगू र.

"परदेशी, तुम्हाला खाली जाता येणार नाही," खांबेटे साहेब म्हणाले आणि माझ्या हातातला पेढ्यांचा पुडा काढून घेऊन त्यांनी टेबलावर ठेवला.

मी नवा टेरिकॉटचा शर्ट घातला होता. केसांना तेल लावून भांग पाडला होता. ग्रीसचा वास जावा म्हणून हात आधी रॉकेलनं, मग साबणानं आणि शेवटी लिंबानं धुतले होते. धरणावर गेट-फिटर म्हणून लागल्यापासून इतका स्वच्छ मी कधी दिसलो नव्हतो, आणि नेमकं तेव्हाच मला धरलं.

"साहेब, रजा मंजूर केलीये तुम्ही. कालच."

"रजा मंजूर आहे. जाणं मंजूर नाही."

"म्हणजे?"

"रजेवर राहा. पण इथंच राहा."

खांबेटे साहेब आमचे शाखा अभियंता. माणूस सज्जन, पण एकदा कुठल्याशा हुकुमाचा अर्थ त्यांनी स्वतःच्या डोक्यानं लावला होता, आणि तेव्हापासून ते आमच्या आडवाटेच्या धरणावर होते. पुन्हा म्हणून त्यांनी डोकं मध्ये आणलं नाही. वरून आलेला कागद ते देवाच्या अंगाऱ्यासारखा दोन्ही हातांनी घ्यायचे.

तसा तो कागद त्यांनी माझ्यापुढे धरला. पावसाळ्यात धरणावर वायरलेस असायचा. त्यावरून पाण्याची पातळी वर कळवायची आणि वरून येतील ते हुकूम उतरवून घ्यायचे. हे काम सोनवलकरांकडे. यंत्रातून माणसाचा आवाज कढईत पापड टाकल्यासारखा यायचा, आणि सोनवलकर त्या चुरचुरीतून जमतील ते शब्द वेचायचे. त्या सकाळी त्यांनी वेचलं होतं ते असं :

"परदेशी मंगू र. धरणात असल्याची खात्रीलायक माहिती. कोणत्याही परिस्थितीत खाली जाऊ देऊ नये. आढळल्यास पकडून ठेवावा."

आमच्या खात्यात आडनाव आधी, मग नाव, मग बापाचं एक अक्षर. मस्टरवर माझी ओळख अगदी हीच होती. परदेशी मंगू र. र म्हणजे रामलाल, माझे वडील.

"मी केलं तरी काय, साहेब?"

"ते मी कसं सांगणार? केलंय तुम्ही."

आता एरवी मी हसलो असतो, सोनवलकरांना टपली मारली असती आणि खोलीवर जाऊन झोपलो असतो. पण त्या दिवशी मला खाली जायचंच होतं. धरणाच्या खाली भोयांची वस्ती होती, वस्तीत हरीबा नगऱ्यांचं घर होतं, आणि त्या घरात वैजू होती.

वैजू म्हणजे वैजयंता, हरीबांची थोरली. हरीबा मच्छीमार सोसायटीचे चेअरमन. धरणातल्या माशांचा ठेका सोसायटीकडे, त्यामुळे सगळी वस्ती त्यांच्या शब्दावर उठायची-बसायची. मी मध्यस्थामार्फत एकदा विचारणा केली होती. हरीबांनी निरोप पाठवला, "पोरगा चांगला हाय. नोकरी चांगली हाय. पर परदेशी."

तसे आम्हीही भोईच. पण आमच्यातला कुणी खापरपणजोबा उत्तरेकडून कुठल्याशा फौजेबरोबर पालख्या वाहत आला, पायाला फोड आला म्हणून मागे राहिला, आणि राहिला तो राहिलाच. फोड बरा झाला, नाव चिकटलं. परदेशी भोई. हिंदी मला इतकी येते की ऐकणारा हसतो. पण हरीबांच्या लेखी तो फोड अजून ओला होता.

आणि त्या दुपारी पलीकडच्या काठावरून वैजूला बघायला पाहुणे येणार होते. आदल्या दिवशी पाणवठ्यावर तिनं मला स्पष्ट सांगितलं होतं, "पाव्हण्यांच्या आधी ये आन् आबांना तोंडावर इचार. मधला माणूस न्हाई, निरोप न्हाई. तू आला न्हाईस तर मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर जाईन आन् त्यांना हो म्हणीन. मला रडत बसायला आवडत न्हाई."

ती बोलल्याप्रमाणे करते. आजही करते.

"साहेब," मी म्हणालो, "मला फक्त अर्धा तास सोडा. हात जोडतो."

खांबेटे साहेब खरंच विरघळले असावेत, कारण त्यांनी चष्मा पुसला. तेवढ्यात सोनवलकर दुसरा कागद घेऊन धावत आले. साहेबांनी तो मोठ्यानं वाचला.

"परदेशी मंगू र. अत्यंत खादाड. स्थानिकांना खाऊन संपवतो. एकाचे शेकडो होतात. चिखलात लपून बसतो. अंग बुळबुळीत, हातातून निसटतो. पाण्याबाहेर काढला तरी मरत नाही, जमिनीवरून सरकत निघून जातो. सावध राहावे."

साहेबांनी मला खालून वर आणि वरून खाली पाहिलं.

"परदेशी, घरी भावंडं किती?"

"आम्ही नऊ."

त्यांनी कागदावर पेन्सिलीनं एक खूण केली.

"परवा मेसमध्ये भाकरी किती खाल्ल्यात?"

"साहेब!"

"विचारतोय फक्त. बरं, दसऱ्याला आपण हात मिळवला होता. माझ्या हातातून तुमचा हात निसटला होता."

"ग्रीस होतं साहेब हाताला!"

"कारण विचारलेलं नाही."

दुसरी खूण. आणि तिथं माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नोकरी फिटरची असली तरी पोरगा मी भोयाचा.

"साहेब, हा मासा आहे!"

"कोण?"

"ह्यातला तो. मांगूर! परदेशी मांगूर! बाहेरच्या देशातला मासा. लोक चोरून तळ्यात पाळतात. कुणाचं तरी तळं फुटून धरणात शिरला असेल. आता गेट उघडले की तो खाली नदीत जाईल आणि नदीतले सगळे मासे खाईल. त्याला अडवा म्हणतायत ते. मला नाही!"

खांबेटे साहेब जन्माचे शाकाहारी. त्यांनी शांतपणे कागद माझ्याकडे वळवला. "ह्यात मासा हा शब्द दाखवा."

"मांगूर म्हणजेच मासा."

"इथं मांगूर नाही. मंगू आहे. मग र आहे. रच्या पुढे टिंब आहे."

मी सोनवलकरांकडे वळलो. "टिंब कुणी दिलं?"

"मी दिलं," सोनवलकर म्हणाले. "ऐकू आलं तसं दिलं."

"टिंब ऐकू आलं तुम्हाला?"

"ते थोडे थांबले होते," सोनवलकर म्हणाले.

"मग वर परत विचारा!"

"परत विचारायचं म्हणजे पहिल्यांदा कळलं नाही असं कबूल करायचं," साहेब म्हणाले. त्यांनी सोनवलकरांना उत्तर सांगितलं, "परदेशी मंगू र. ताब्यात." मग मला अतिशय अदबीनं गेटच्या केबिनमध्ये बसवलं, आत खुर्ची दिली, चहा दिला आणि बाहेरून कडी घालून दारापुढे छत्री उघडून बसले. पेढ्यांचा पुडा त्यांनी मांडीवर घेतला होता. त्याला ते मुद्देमाल म्हणत होते.

केबिनच्या खिडकीतून वस्ती दिसायची. हरीबांच्या अंगणात एरवी जाळी वाळत असायची. ती आज गुंडाळून ठेवलेली होती. कुणीतरी सडा घालत होतं, कुणीतरी सतरंजी झटकत होतं. मी गज धरून हलवले. ते मीच बसवलेले होते, त्यामुळे हलले नाहीत.

"साहेब, माझं लग्न मोडतंय हो."

"जमलंय का?"

"नाही."

"मग मोडेल कसं?" साहेब छत्रीआडून म्हणाले. त्यांना खरंच समजूत घालायची होती.

बऱ्याच वेळानं जीपचा आवाज आला. मत्स्य खात्याच्या निगडे मॅडम उतरल्या. नोकरीत नव्या होत्या, साडीचा काठ चिखलानं भरला होता, चेहऱ्यावर मात्र आनंद मावत नव्हता. जीपमध्ये त्यांच्याबरोबर एक ड्रम, जाळ्यांचं भेंडोळं आणि हरीबा. सांडव्याच्या तोंडाशी जाळं लावायचं म्हणून त्यांनी हरीबांना घरातून उचलून आणलं होतं. हरीबांच्या अंगात पाहुण्यांसाठी घातलेला कडक इस्त्रीचा नेहरू शर्ट होता आणि कपाळावर आठी. सोसायटीची चार माणसं होडीतून मागून येत होती.

"कुठंय?" मॅडमनी विचारलं. "तुम्ही पकडला म्हणे! कमाल केलीत."

"आत आहे," साहेब म्हणाले. "शांत आहे. सकाळपासून फक्त चहा घेतलाय."

"चहा?"

"दोन कप. बिस्किट नको म्हणाला."

मॅडमना वाटलं असावं, जुने लोक माशांना काही देत असतील. "वजन किती भरेल?"

साहेबांनी अंदाज घेतला. "पंचावन्न किलो."

"पंचावन्न!" मॅडमच्या हातातली वही पडली. "पंचावन्न किलोचा मांगूर?"

"उभा राहिला की जास्त वाटतो."

मॅडमनी ड्रायव्हरला दुसरा, मोठा ड्रम आणायला पिटाळलं. मग सगळे दोन पावलं मागे सरले आणि साहेबांनी कडी काढली.

मी म्हणालो, "नमस्कार."

मॅडम माझ्यामागे वाकून बघत होत्या, खुर्चीखाली बघत होत्या. पहिल्यांदा कळलं ते हरीबांना. त्यांच्या तोंडून आधी बारीक शिट्टीसारखा आवाज निघाला. मग ते इतके हसले की त्यांना जीपच्या पायरीवर बसावं लागलं.

"आरं द्येवा! मांगूर! आन् ह्यांनी मंगू धरला! आमचा मंगू!"

सोनवलकर हसले. ड्रायव्हर जायचा थांबून हसला. मलाही हसू येऊ लागलं होतं. पण हरीबा डोळे पुसत म्हणाले, "म्हंजी सरकारलाबी कळलं म्हनायचं, परदेशी कोन त्ये," आणि माझं हसू तिथंच संपलं. मला फार लागलं ते. आजही आठवलं की लागतं.

"बरं, आता मी जातो," मी पुडा घ्यायला हात पुढे केला.

साहेबांनी पुडा मागे घेतला. त्यांचे कान लाल झाले होते, पण आवाज ठाम होता. "घाई करू नका. परदेशी ताब्यात असल्याचं मी वर कळवलंय. आता तुम्हाला सोडलं तर वर काय कळवू? परदेशी निसटला? आधी हुकूम रद्द झाल्याचा संदेश येऊ दे."

"मग मागवा!"

सोनवलकरांनी यंत्र लावलं. त्यातून बराच वेळ पापड तळले गेले. शेवटी ते म्हणाले, "वरचे जेवायला गेलेत."

कडी पुन्हा लागली.

संध्याकाळी गेट उघडायचे होते, म्हणून हरीबांच्या माणसांनी सांडव्यापुढं आडवं जाळं लावायला घेतलं. मी खिडकीतून बघत होतो. हरीबा काठावरून ओरडत होते, मधेच वस्तीकडे बघत होते, पाहुणे आले का म्हणून. मीही तिकडेच बघत होतो. एका गोष्टीची दोघांना काळजी, पण उलटसुलट.

आणि जाळं पुरतं ताणून होण्याआधीच त्यात मांगूर सापडला. हातभर लांब, काळा कुळकुळीत, तोंडाला मिशा. तो बादलीत घालून वर आणला, तर बादलीतून दोनदा बाहेर पडला आणि फरशीवरून सरकत निघाला. साहेब खुर्चीवर चढले. कडी-कुलपाची जागा एकच होती, तेव्हा तो माझ्या केबिनमध्ये ठेवण्यात आला.

"एकत्रच बरे," साहेब म्हणाले. "लक्ष ठेवायला सोपं."

मी खुर्चीवर, तो बादलीत. त्याच्या मिशा माझ्यापेक्षा चांगल्या होत्या. मी त्याला म्हणालो, "तुझ्यापायी बसलोय मी." त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. त्यालाही तेच म्हणायचं असेल.

बाहेर मॅडमनी एक कागद काढला. त्यावर दोन माशांची चित्रं होती, एक आपला गावठी मांगूर आणि एक परदेशी. पण तो झेरॉक्सचा झेरॉक्स होता, आणि दोन्ही मासे दोन काळ्या डागांसारखे उमटले होते.

"डोक्यामागच्या हाडावरून ओळखतात म्हणे," मॅडम म्हणाल्या. "खरं सांगू का, मी चित्राशिवाय ओळखलेला नाही. संशय आहे म्हणून प्रयोगशाळेत पाठवावा लागेल. आणि तोवर..." त्या हरीबांकडे न बघता म्हणाल्या, "तोवर धरणातली मासेमारी बंद."

हरीबांच्या चेहऱ्यावरचं उरलंसुरलं हसू गेलं. "कवापत्तुर?"

"परदेशी निघाला तर सगळे पकडून होईपर्यंत. वर्षही जाईल."

"वरीस? आन् वस्तीनं खायाचं काय? दगडं?"

"माझ्या हातात नाही, काका. स्थानिक असल्याचा पंचनामा झाला तर गोष्ट वेगळी. दोन पंच लागतील. जाणकार."

हरीबा केबिनच्या दाराशी आले. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. मानेच्या शिरा फुगल्या होत्या, आणि ते मॅडमशी बोलत होते तरी सगळ्या धरणाला ऐकू जात होतं.

"बाई, परदेशी कशाला म्हनता त्याला? ह्याचा आजा-पंजा आला आसंल कुटनं तरी. त्याचं ह्याला काय? ह्यो ह्या पान्यात जलमला. हितला चिखल खाल्ला, हितलं पानी प्याला. पानी कदी कुनाला इचारतं का, तुजं गाव कंचं म्हनून? ज्याला ह्या पान्यात पिल्लं झाली, त्यो ह्या पान्याचा. मी जलमभर जाळं टाकलंय, माज्या शब्दावर लिवा. हितला हाय त्यो!"

मी गजांना तोंड लावलं, पण बोलणार कसं? ज्या माणसानं मला नाकारलं तो माझ्याच बाजूनं भांडत होता, आणि त्याला ते माहीत नव्हतं.

"आबा," मागून आवाज आला, "काय म्हणालात ते परत म्हणा."

वैजू पायऱ्या चढून वर आली होती. जांभळी साडी, केसात अबोली, चेहऱ्यावर पावडर आणि धाप. हरीबा दचकले. "तू कशाला आलीस हितं?"

"पाव्हणे येऊन बसलेत. तुमाला बोलवायला आले. आन् एका मानसाची वाट बघत हुते सकाळधरनं, त्यो का आला न्हाई ते बघायलाबी आले."

"वैजे, मला धरलंय!" मी आतून ओरडलो.

"का?"

"मी मासा आहे म्हणून!"

तिनं बापाकडे, साहेबांकडे, छत्रीकडे आणि पेढ्यांच्या पुड्याकडे पाहिलं. सोनवलकरांनी तिला हळू आवाजात टिंबापर्यंत सगळं सांगितलं. ती हसली नाही. पदर खोचला आणि कट्ट्यावर बसली. पाहुणे खाली सतरंजीवर बसलेले खिडकीतून मला दिसत होते.

मॅडमनी पंचनामा लिहिला. "सदर मासा परदेशी नसून स्थानिक आहे." हरीबांनी सही केली. दुसरा पंच मिळेना. होडीतली माणसं पाण्यात होती. साहेब म्हणाले, माशांबाबत आपल्याला मत नाही. सोनवलकर म्हणाले, आता आपण कशावरच सही करणार नाही.

"आणा इकडे," मी म्हणालो. "मी भोयाचा आहे."

कागद गजांतून आत आला. हरीबा माझ्याकडे बघत होते. त्यांना वाटलं असणार, आता हा काहीतरी मागणार. आणि खोटं कशाला बोलू, माझ्या मनात आलंही होतं. पण चूल सगळ्या वस्तीची होती, वैजूच्या घरचीही. मी खात्यातल्या सवयीनं सही ठोकली आणि कागद बाहेर दिला.

मॅडमनी वाचून दाखवलं. "सदर मासा परदेशी नसून स्थानिक आहे. सही, परदेशी मंगू र."

"चालेल," खांबेटे साहेब मान डोलावत म्हणाले. "परदेशीनंच सांगितलं म्हणजे अधिकृत झालं."

बादली उचलून मॅडमनी धरणाच्या काठावर आडवी केली. मांगूर दगडावर पडला, चार हात सरकला आणि पाण्यात गेला. वळूनसुद्धा बघितलं नाही.

"गेला," साहेब समाधानानं म्हणाले. "नियमानं गेला."

"आता मला सोडा."

"तुमचं वेगळं आहे. मासा परदेशी नाही असं लेखी झालं. तुम्ही परदेशी आहात असं मस्टरवर लेखी आहे."

मी खुर्चीवर बसलो. रागही संपला होता. म्हटलं, जाऊ दे, ती जाईल खाली, चहाचा ट्रे घेईल, आणि आपण इथं गज मोजत बसू.

"मग ह्याचाबी पंचनामा करा," वैजू म्हणाली.

साहेब थबकले. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पसरला. बिचाऱ्याला सकाळपासून हीच वाट हवी होती, सोडायची पण नियमानं. "होऊ शकतं," ते म्हणाले. "पंच?"

"आबा हायत की."

हरीबांनी वस्तीकडे पाहिलं. खालून कुणीतरी हाक मारत होतं, पाहुण्यांसाठी चहा तयार झाला म्हणून.

"पाव्हणे खोळंबलेत गं," ते पुटपुटले.

"खोळंबू द्या. मघाशी माशासाठी घसा फोडलात. मानसासाठी नुसती सही करा. का मासा हितला आन् मानूस न्हाई, आसं आसतं?"

"वैजे, जीभ आवर."

"आवरली. आता तुमी बोला."

हरीबा वळले. ते खिडकीशी आले. पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघत होते, जाळ्यातून काढलेली वस्तू उलटीपालटी करून बघावी तसे.

"तुजा आजा कुटं ऱ्हायचा रं?"

"जुन्या गावात. धरण झालं तवा उठवलं आमाला."

"जुन्या गावात कुटं?"

"खालच्या आळीला. घाटाच्या वर, लिंबाच्या झाडापाशी."

"लिंबापाशी," हरीबा म्हणाले. त्यांनी मान वळवून धरणाकडे पाहिलं. भरलेलं पाणी लांबवर चमकत होतं. "आमचं घाटाच्या खाली. त्यो लिंब आमच्या दारातनं दिसायचा. दोनी घरं ह्याच्या बुडाशी हायती आता."

सोनवलकरांच्या यंत्रातून तेवढी चुरचुर येत होती.

"लिवा," हरीबा म्हणाले. "लिवा साहेब. सदर इसम परदेशी न्हाई. हितला हाय."

त्यांनी सही केली. दुसरी सही मॅडमनी केली. हा ओळखायला मला चित्र लागत नाही, म्हणाल्या. कडी निघाली. साहेबांनी पुडा माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "मुद्देमाल परत."

मी बाहेर आलो तेव्हा तोंडावर विचारायचं जे सकाळपासून पाठ केलं होतं ते सगळं विसरलो होतो. नुसता पुडा पुढे केला. हरीबांनी तो घेतला, उघडला, एक पेढा स्वतःच्या तोंडात टाकला आणि पायऱ्या उतरू लागले. अर्ध्यावर थांबून ओरडले, "चला की आता! पाव्हण्यांना सांगायचं कुनी, मी एकट्यानं?"

पाहुणे भले होते. त्यांनी माझेच पेढे खाल्ले आणि मलाच शुभेच्छा दिल्या. संध्याकाळी गेट उघडायला मी वर आलो, कारण रजा अर्ध्याच दिवसाची होती.

सांडव्यापुढं जाळं तेव्हापासून दर पावसाळ्यात लागतं. त्यात चिलापी सापडते, कधी मांगूर सापडतो, एकदा खांबेटे साहेबांची छत्री सापडली. मॅडम पुढे मोठ्या अधिकारी झाल्या, आणि मांगूर नुसत्या बोटांनी चाचपून ओळखायला लागल्या. आमच्या वेळचा कुठला होता, असं मी त्यांना एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, पंचनाम्यात आहे ना.

पण आमच्या हळदीच्या दिवसाचं सांगायचं राहिलं. वस्तीतच मांडव होता. मला पाटावर बसवून बायकांनी हळद लावायला घेतली होती आणि खांबेटे साहेब घामाघूम होऊन मांडवात शिरले. हातात कागद.

"परदेशी, वरून संदेश आलाय. हुकूम रद्द झालेलाच नाही. सोनवलकरांनी आत्ताच उतरवून घेतला." त्यांनी खाली बसून हलक्या आवाजात वाचलं, "ताब्यातील परदेशी मंगू र. याची विल्हेवाट लावून तत्काळ अहवाल पाठवावा."

"टिंब?" मी विचारलं.

"आहे." साहेब रडकुंडीला आले होते. "काय लिहू मी? विल्हेवाट लावली म्हणावं तर तुम्ही समोर बसलाय. सोडून दिला म्हणावं तर हुकूम मोडला."

हरीबा मांडवाच्या खांबाशी उभे राहून ऐकत होते. ते पुढे आले. बायकांना बाजूला सारून त्यांनी ताटातली हळद मूठभर उचलली आणि जन्मभर मासे साफ केलेल्या त्या खरबरीत हातांनी माझ्या दोन्ही गालांना, मानेला, खांद्यांना खसाखसा चोळली. एकही जागा सोडली नाही.

"लिवा साहेब," ते म्हणाले. "परदेशी मंगू र. यास हळद लावली. मीठ लावायचं काम आमच्या पोरीकडं दिलंय."